वाचकांचे प्रश्न : टॉर्चवाला नोकिया

प्रश्न : माझे वडील शेतकरी होते. घर आवरताना त्यांचा नोकिया 1100 सापडला. कळांवरचे रबर अजून शाबूत आहे, मात्र मागची बॅटरी फुगली आहे. माझा पुतण्या म्हणतो की मोबाइलचा खरा इतिहास 2007 मध्ये आयफोन आल्यावर सुरू झाला. हा फोन खरोखर इतका किरकोळ होता का? तो पुन्हा सुरू करता येईल का?
– एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : पुतण्याचे अर्धे म्हणणे मान्य करायला हवे. बोटाच्या स्पर्शाने चालणारा मोठा पडदा आयफोनमुळे रुळला, हे निर्विवाद आहे. पण 2003 च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या नोकिया 1100 चे 25 कोटींहून अधिक नग जगभर विकले गेले आणि नोकियाने 2005 मध्ये विकलेला शंभर कोटीवा फोन हाच होता. तो नायजेरियात विकला गेला. ज्यांच्या घरी साधा लँडलाइनही कधी आला नव्हता, अशा असंख्य कुटुंबांचा तो पहिला फोन ठरला, त्यामुळे त्याला किरकोळ म्हणणे मला अजिबात पटत नाही.

त्यात कॅमेरा नव्हता, रेडिओ नव्हता, इंटरनेट नव्हते. जे होते ते मात्र विचारपूर्वक दिलेले होते. हातातल्या फोनच्या कळा एकदा नीट पाहा : त्या सुट्या नसून एकाच अखंड रबरी पत्र्यावर उठवलेल्या आहेत, त्यामुळे मधल्या फटीतून धूळ आत शिरत नाही. घामट हातातून निसटू नये म्हणून कडांना खरखरीत पकड दिलेली आहे. आणि माथ्यावर तो इवलासा टॉर्च, जो ‘सी’ची कळ दाबून धरली की लागत असे. आपल्याकडे भारनियमनाच्या काळात शेतीची वीज अनेकदा रात्रीच यायची. अंधारात विहिरीवर जाऊन स्टार्टरचे बटण शोधणाऱ्या माणसाला त्या उजेडाचे मोल किती होते, हे आपल्या वडिलांइतके कोणाला ठाऊक असणार?

तरीही नुसत्या चांगल्या फोनने हे घडले नसते. भारतात 31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला, तेव्हा मिनिटाचा दर 16 रुपयांच्या घरात होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. खिशातला फोन वाजला की उचलावा की कापावा, असा प्रश्न पडत असे. पुढे कंपन्यांच्या स्पर्धेने दर उतरत गेले, विशेषतः 2002 च्या डिसेंबरात रिलायन्स या व्यवसायात उतरल्यावर. आणि 1 मे 2003 पासून फोन करणाऱ्यानेच पैसे भरायचे ही पद्धत लागू होऊन इनकमिंग फुकट झाले. माझ्या मते खरी क्रांती त्या दिवशी झाली. रिचार्ज संपत आला तरी फोन घेता येऊ लागला, आणि एसटीतून उतरल्यावर ‘सुखरूप पोहोचलो’ हे एका मिस्ड कॉलवर कळवता येऊ लागले. त्यानंतर काही महिन्यांतच हा दणकट, स्वस्त फोन बाजारात आला, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींच्या जोरावर वाढल्या.

आता बॅटरीविषयी. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, दाबू किंवा टोचू नका आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नका. ती काढून ई-कचरा संकलन केंद्रात द्या. या फोनला लागणारी ‘बीएल-5सी’ बॅटरी लहान रेडिओ आणि स्पीकरमध्येही वापरली जात असल्यामुळे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सहज मिळते. चार्जर जुन्या जाड पिनेचा लागेल. फोन 2जी, म्हणजे जुन्या दुसऱ्या पिढीच्या नेटवर्कवर चालणारा आहे आणि जिओचे नेटवर्क 4जीपासून पुढचेच आहे, त्यामुळे जिओचे सिम त्यात चालणार नाही, आणि आजचे नॅनो सिम बसवायचे तर अडॅप्टर घ्यावा लागेल.

फोन सुरू झालाच, तर नवे सिम घालून वापरायला लागण्यापूर्वी एक काम अवश्य करा. फोनच्या स्वतःच्या स्मृतीत 50 नावे मावत असत, आणि बॅटरी काढल्याने ती पुसली जात नाहीत. वडिलांचे जुने सिमही आत असेल, तर काही नावे त्यावर असतील. ही सगळी नावे आणि क्रमांक, त्यांनी जसे लिहिले तसेच, वहीत उतरवून घ्या.