गावाखालचं पाणी कुठे आहे, कुठून कुठे जातं, हे कळायला कोणती माहिती गोळा करावी?

तुमचं गाव मराठवाड्यात आहे म्हणताय, तेव्हा खाली बेसाल्ट धरून चालतो. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग याच खडकावर आहे. गावोगावच्या विहिरी मोजणं हेच माझं काम. त्यामुळे पाणाड्या किंवा पाणी शोधायचं मशीन बोलावण्याआधी आहेत त्या विहिरी नीट बघा, असंच सांगेन.

न बांधलेल्या विहिरीत वरून बघितलं तरी थर दिसतात: काळी माती, मुरूम, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक, खाली काळा पाषाण, मध्येच एखादा लाल गेरूचा पट्टा. झरा कोणत्या थरातून, किती खोलीवर आणि कोणत्या बाजूने येतो ते लिहून ठेवा. बेसाल्टचे थर बहुतेक आडवे असतात. तोच थर शेजारच्या विहिरीत त्याच उंचीवर सापडला, तर दोन्ही विहिरी एकाच साठ्यावर असण्याची शक्यता मोठी.

पाण्याची पातळी सगळेच मोजतात, पण काठापासून. तेवढ्यावर दिशा कळत नाही. समजा, एका विहिरीचा काठ समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आणि पाणी ९ मीटर खाली, म्हणजे पाणी ५५१ वर. दुसरीचा काठ ५५२ वर, पाणी ४ मीटरवरच, म्हणजे ५४८. पाणी वर दिसतंय दुसरीत, पण ओढ पहिलीकडून दुसरीकडे आहे. एकाच साठ्यावरच्या, एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरी तरी अशा मोजा. काठाची उंची मोबाइलवरून घेऊ नका, त्यात काही मीटरची चूक सहज होते. डंपी लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, लावा. आणि मोजायचं ते मोटर बंद असून पाणी स्थिरावल्यावर. रात्रीची वीज असेल तर सकाळी लगेच गेलात की आकडा चुकलाच.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरी मोजते. त्याच महिन्यांत मोजलंत तर त्यांच्या जुन्या नोंदींशी ताडून बघता येईल. सोबत गावातच पर्जन्यमापक हवा, तालुक्याचा आकडा पुरत नाही.

खरं अडतं ते उपशापाशी. झिजलेल्या बेसाल्टात पातळी १ मीटर उतरते तेव्हा साधारण १ ते ३ सेंटिमीटर जाडीच्या थराइतकंच पाणी निघालेलं असतं, म्हणून थोड्या उपशानेही विहीर झपाट्याने खाली जाते. आणि उपशाची नोंद कुणीच ठेवत नाही. २०० लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते बघा, मोटर रोज किती तास चालते ते विचारा, पीक आणि एकर लिहा. बोअर किती फुटांवर लागली, केसिंग (वरच्या भागातला पाइप) किती टाकलं, हेही मालकाला आठवतंय तोवर विचारून घ्या.