'बेनाड्रिल चॅलेंज'चा इशारा मुलीला दाखवू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर 'बेनाड्रिल चॅलेंजपासून सावधान' असा व्हिडिओ फिरतोय (भ्रम व्हावा म्हणून बेनाड्रिलच्या भरमसाट गोळ्या घ्यायच्या आणि त्याचा व्हिडिओ टिकटॉकवर टाकायचा, असं ते आव्हान), तुम्ही एडिसनला राहता, मुलगी आठवीत आहे. तो व्हिडिओ तिला दाखवून ताकीद द्यावी की सरळ फोनच काढून घ्यावा? मी न्यू जर्सीतच फार्मासिस्ट आहे. बरीच वर्षं औषधाच्या काउंटरमागे उभा आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

व्हिडिओ दाखवू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, 'नायक्विल चिकन'बद्दल इशारा काढला होता. सर्दीच्या औषधात कोंबडी शिजवायची, हा इंटरनेटवरचा जुना आचरट विनोद. खरोखर करणारे जवळपास नव्हतेच. इशाऱ्याच्या आदल्या दिवशी, १४ सप्टेंबरला, टिकटॉकवर हे शब्द पाच वेळा शोधले गेले होते. २१ तारखेला तोच आकडा सात हजारांवर गेला. हे टिकटॉकनेच पत्रकारांना सांगितलं. (कंपनीला हात झटकायचे होते हे उघड आहे, पण आकडे बोलके आहेत.) आपले काका-मामा काळजीपोटी जे फॉरवर्ड करतात, त्यानेही घरोघरी हेच होतं.

बेनाड्रिलचं प्रकरण मात्र विनोद नव्हतं. मे २०२० मध्ये टेक्सासात फोर्ट वर्थच्या एका रुग्णालयात हा प्रकार करून आलेली तीन मुलं दाखल झाली. ऑगस्टमध्ये ओक्लाहोमातली पंधरा वर्षांची मुलगी गेली. २४ सप्टेंबर २०२० ला एफडीएने इशारा दिला आणि असे व्हिडिओ काढून टाका म्हणून टिकटॉकलाही कळवलं. तरी एप्रिल २०२३ मध्ये ओहायोतला तेरा वर्षांचा मुलगा त्यातच दगावला.

कोल्हापूरच्या मंडळींचा इथे एक घोळ होतो. भारतात बेनाड्रिल म्हणजे खोकल्याचं औषध, इथे म्हणजे ॲलर्जीची गोळी. दोन्हींत डायफेनहायड्रामिनच असतं. ॲलर्जीत शिंका आणणारं हिस्टामिन अडवतं म्हणून शिंका थांबतात, मेंदूत शिरतं म्हणून झोप येते. प्रमाणाबाहेर गेलं की तेच औषध ॲसिटिलकोलिन हे नसांचे निरोप पोचवणारं रसायनही अडवतं: तोंडाला कोरड, चेहरा लाल, बाहुल्या मोठ्या, लघवी अडते, आणि भ्रम सुरू होतो. त्या भ्रमात मजा नसते. नसलेली माणसं आणि अंगावर चढणारे किडे दिसतात, आपण कुठे आहोत याचं भान जातं. व्हिडिओत दिसत नाही तो भाग हृदयाचा. हे औषध हृदयाच्या पेशींमधले सोडियमचे मार्ग अडवतं, ठोके बिघडतात, झटके येतात. जेवढ्या गोळ्यांनी भ्रम होतो आणि जेवढ्यांनी जीव जातो यांत अंतर फार थोडं आहे, आणि लहान चणीच्या मुलांत तर आणखी कमी.

नुसतं 'बेनाड्रिल' नाव बघून कपाट तपासू नका. टायलेनॉल पीएम, ॲडव्हिल पीएम, झीक्विल यांतही हेच आहे. टायलेनॉल पीएममध्ये वर पॅरासिटामॉल, म्हणजे यकृताचं संकट वेगळं.

मला स्वतःला यापेक्षा जास्त धास्ती दुसऱ्या गोष्टीची वाटते, आणि त्यावर आपल्या ग्रुपांमध्ये कुणी बोलत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री जागायला कुणीतरी 'ॲडरॉल' (एकाग्रतेसाठी डॉक्टर लिहून देतात ती उत्तेजक गोळी) देतो म्हणतं. स्नॅपचॅटवर निरोप येतो, इमोजीच्या खुणांनी भाव ठरतो, निरोप पुसला जातो, गोळी घरपोच. ती हुबेहूब दिसते, पण कारखान्यातली नसते. आत मेथॲम्फेटामिन हा उत्तेजक अमली पदार्थ असू शकतो, फेंटानिल हे अफूच्या जातीचं अतिशय जहाल वेदनाशामकही असू शकतं. डीईएने, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या अमेरिकी सरकारी संस्थेने, २०२३ मध्ये पकडलेल्या फेंटानिलच्या बनावट गोळ्या तपासल्या, तेव्हा दहातल्या सात गोळ्यांत जीव घेऊ शकेल इतकं फेंटानिल होतं. २०१९ ते २०२१ या काळात अमेरिकेत नशा करणाऱ्या शाळकरी मुलांचं प्रमाण वाढलं नाही, उलट घटलं. तरी १० ते १९ वयोगटातले ओव्हरडोसचे मृत्यू दुपटीहून जास्त झाले. मुलं तीच, गोळी बदलली. आपल्याकडची 'अभ्यासू' मुलं यात सुरक्षित आहेत असं मानणाऱ्या पालकांशी माझा नेहमी वाद होतो. त्या मुलांना नशा नको असते, मार्क हवे असतात, म्हणून त्या गोळीला ती 'ड्रग' म्हणतच नाहीत. खुणांची यादी पाठ करत बसू नका, त्या बदलत राहतात.

फोन काढून घेण्याबद्दल: मैत्रिणीच्या फोनवर तेच दिसणार. आणि उद्या खरंच काही घडलं तर ती तुम्हाला सांगायला घाबरेल, हे नुकसान मोठं. त्यापेक्षा गाडीत दोघीच असताना विचारा, 'शाळेत कुणी गोळ्या देतं-घेतं का गं?' ती सांगेल तेवढं ऐका, तिथल्या तिथे व्याख्यान नको. दुकानातून सीलबंद न आलेली कुठलीही गोळी, मैत्रिणीने दिलेली असली तरी, तोंडात घालायची नाही, एवढं स्पष्ट सांगा. आणि कुणी बेशुद्ध दिसलं तर ९११ लावायचा, घरी कुणी रागावणार नाही, हेही आजच सांगून ठेवा. सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने मुलांच्या त्या ओव्हरडोस मृत्यूंचा अभ्यास केला तेव्हा दोन तृतीयांश प्रसंगी जवळपास कुणीतरी होतं, पण बहुतेकांनी काहीच केलं नव्हतं.

नॅलोक्सोनचा, म्हणजे फेंटानिलच्या ओव्हरडोसवरच्या उताऱ्याचा, नाकात मारायचा स्प्रे घरात ठेवा. नॅलोक्सोन३६५ योजनेत न्यू जर्सीतल्या सहभागी फार्मसीत चौदा वर्षांच्या आणि त्यापुढच्या कुणालाही तो फुकट मिळतो, नावही विचारत नाहीत. लाज वाटायचं कारण नाही, आम्हाला रोजचं आहे. फक्त तो फेंटानिलसारख्या ओपिऑइडवर, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांवर, चालतो, बेनाड्रिलवर नाही. बेनाड्रिलचा संशय आला तर पॉयझन हेल्प या विषबाधेच्या हेल्पलाइनचा क्रमांक १-८००-२२२-१२२२, चोवीस तास, फुकट. झटके येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर थेट ९११. उलटी करवायला जाऊ नका, मीठपाणी वगैरे आपले घरगुती प्रयोग तर अजिबात नकोत.

तुम्ही शेवटी लिहिलंय की आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत. त्यांच्या बॅगेत झोपेच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, प्रवासातल्या उलट्यांच्या गोळ्या, 'असू दे' म्हणून आणलेलं अर्धं दुकान असणार. दिवसाच्या गोळ्या त्यांच्या डबीत काढून द्या, बाकीचं सगळं किल्लीच्या कपाटात ठेवा. मुदत संपलेलं फार्मसीतल्या किंवा पोलीस ठाण्यातल्या जुन्या औषधांच्या पेटीत टाका. आईंना हे अविश्वासाचं वाटेल, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा.