कशावरून?

पोरी,

परवाचं तुझं बोलणं डोक्यातून जाईना. नववीला तू सिंहगडाच्या लढाईचा सिनेमातला तुकडा दाखवलास, वर्गात जयजयकार झाला आणि मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "टीचर, घोरपड खरंच होती काय?" तू गप्प झालीस. आता सिनेमाच नको म्हणतेस.

अगं, तास तर तिथंच सुरू झाला होता! फळ्यावर एकच शब्द लिहायचा: कशावरून? घोरपड शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात आहे. सभासदानं लिहिलेल्या शिवाजी महाराजांच्या बखरीत ती नाही, तिथं मावळे वानरासारखे कडा चढून जातात. पोरांना तोंडपाठ असलेलं "गड आला पण सिंह गेला" हेही सभासदाचं नव्हे. तो लिहितो, "एक गड घेतला, परंतु एक गड गेला." सिनेमा, पोवाडा, बखर शेजारी शेजारी मांड आणि पोरांना भांडू दे. तानाजी यानं लहान होईल अशी भीती बाळगू नकोस. लढाई १६७० सालची; तो त्या गडावर पडला, हे तिन्हीकडं आहेच.

मी हे केलं नाही. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात असताना कित्तूरच्या राणी चन्नम्माचा धडा चालला होता. एक पोरगा उठून म्हणाला, "सर, आमच्या आजीला रायण्णाचं कन्नड पद येतंय, म्हणू?" कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या या रायण्णाला १८३१ साली फाशी दिली ते नंदगड तिथून जवळच. आणि मी म्हटलं, "पोर्शनमध्ये नाही, बस खाली." एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, निकाल डोक्यावर होता, पुस्तकं उशिरा आलेली, दोन वर्ग एकट्यानं ओढत होतो. हे सगळं खरंच होतं. पण त्या आजीला शाळेत बोलवायला एक दुपार लागली असती. पोरगा पुन्हा कधी उठला नाही.

म्हणून तुझ्यावर चिडतोय. साधनं नाहीत म्हणून रडू नकोस. तुझीच पोरं शिवजयंतीच्या चित्ररथावर मावळे होऊन उभी राहतात, दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले बांधतात. किल्ल्याला बुरूज इथंच का, कशावरून? चित्ररथावरचा प्रसंग कुठून घेतला, कशावरून? मराठीत विचार, कन्नडमध्ये उत्तर आलं तर तेही लिहून घे. आणि आधी स्वतःला विचार. मला विचारलंस तरी चालेल, माझ्याही वहीत ऐकीव पुष्कळ आहे.

सोमवारी त्या मागच्या बाकावरच्याला पहिला उठव. काय म्हणाला ते मला कळव.

तुझा,
सर