विदेशी प्रकल्पात ‘स्थानिक भागीदार’ होण्यापूर्वी

शिरोळ तालुक्यातील आपल्या महिला संस्थेला पाणी व स्वच्छतेच्या एका विदेशी प्रकल्पात ‘स्थानिक भागीदार’ म्हणून घेण्यास मोठ्या शहरातील संस्था तयार आहे आणि संमतिपत्र तातडीने मागत आहे, हे वाचून आमचीच जुनी फाईल उघडल्यासारखे वाटले. ट्रस्टची नोंदणी, ऑडिट, दर्पण क्रमांक (नीती आयोगाच्या पोर्टलवरील स्वयंसेवी संस्थेचा नोंद क्रमांक) यांविषयी लिहीत नाही. ते आपल्याकडे असणारच.

२०१९ च्या महापुरानंतर आम्हीही अशाच एका मध्यस्थ संस्थेबरोबर काम सुरू केले होते. सप्टेंबर २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्याचे कलम ७ बदलले आणि एका संस्थेने विदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे, ती नोंदणीकृत असली तरी, वर्ग करण्यास बंदी आली. त्या मध्यस्थ संस्थेच्या कार्यालयास हे ठाऊक नसणे अशक्य होते. तरीही ‘हप्ता आला की पाठवतो’ एवढेच उत्तर मिळत राहिले. फोटो आणि हजेरीपत्रके मात्र त्यांना वेळेवर लागत. बचत गटातील बायकांनी मजुरी बुडवून केलेल्या सह्या आणि उमटवलेले अंगठे ‘लोकसहभाग’ म्हणून अहवालात गेले. टेम्पोभाडे व चहापाणी आमच्या गंगाजळीतून भागले. विकास मदतीच्या परिणामकारकतेवर २०११ मध्ये दक्षिण कोरियात झालेल्या बुसान परिषदेत नागरी संघटना सरकारांच्या बरोबरीने वाटाघाटीला बसल्या, असे अभिमानाने सांगणाऱ्या या मंडळींनी आम्हाला अंदाजपत्रकाचे एक पानही दाखवले नाही.

माझे मत कडवट असेल आणि मी वकील नाही, त्यामुळे सीएंना विचारूनच ठरवा. पण मध्यस्थाला वगळून देणगीदाराशी थेट पत्रव्यवहार करावा, असे मला वाटते. विदेशी निधी थेट घेण्यासाठी एफसीआरए नोंदणी लागते. त्या नोंदणीसाठी सामान्यतः तीन वर्षांचे काम आणि त्या काळात मूळ उद्दिष्टांवर १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. तेवढे नसेल तर देणगीदाराचे वचनपत्र घेऊन ठरावीक रकमेसाठी व कामासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाकडे पूर्वपरवानगी मागता येते. विदेशी निधी जमा होण्याचे खाते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच लागते, मात्र त्याचे कागद जवळच्या शाखेतून पाठवता येतात. दिल्लीवारीचा खर्च कोणी सुचवल्यास ऐकू नये.

मध्यस्थाबरोबरच जायचे असेल, तर ते आपल्याला निधी वर्ग करू शकत नसल्याने गावातील कोणता खर्च ते स्वतः थेट करणार आहेत, हे अंदाजपत्रकासह लेखी मागावे. ते हाती येईपर्यंत संमतिपत्रावर सही करू नये आणि गावात बैठकही लावू नये.