शेडनेटवर सोलरचं प्लास्टिक

प्रश्न : माझं २० गुंठ्यांचं शेडनेट आहे, त्यात मिरचीचं बियाणं घेतो. नेटवरच पसरता येईल असं सोलरचं पातळ प्लास्टिक येतंय म्हणतात. मॅडम, पंपासाठी नेहमीचं पॅनेल आत्ताच घ्यावं का थांबावं?
— एक शेतकरी, अंबड तालुका, जि. जालना

उत्तर : भाऊ, थांबू नका. पंपाला सिलिकॉनचंच पॅनेल घ्या, ते वीस-पंचवीस वर्षं चालतं. माझी पीएचडी याच प्लास्टिकवर झाली आहे, तरी हेच सांगते.

प्लास्टिकातून वीज वाहू शकते हे १९७७ साली हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी दाखवलं. २००० साली त्यांना नोबेल मिळालं. उन्हापासून वीज करणारा सेल बनवताना मात्र घोडं वेगळ्याच जागी अडतं. या प्लास्टिकवर, म्हणजे पॉलिमरवर, ऊन पडलं की ऋण आणि धन प्रभार जोडीनंच तयार होतात आणि एकमेकांना सोडत नाहीत. जोडी फुटते ती दुसऱ्या पदार्थाच्या सीमेवर, आणि तिथवर पोचायला तिचा पल्ला जेमतेम १० नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा एक लाखावा भाग. म्हणून दोन पदार्थ धपाट्याच्या पिठासारखे कालवायचे : कुठूनही चिमूट घ्या, ज्वारी आणि बेसन दोन्ही हाताला लागलं पाहिजे. पण पार एकजीव झालं तरी वाया, कारण सुटलेल्या प्रभारांना बाहेर पडायला दोन्हींतून सलग वाट लागते. माझी निम्मी वर्षं हे प्रमाण जमवण्यातच गेली.

आज प्रयोगशाळेत पडलेल्या उन्हातल्या १९ टक्क्यांहून जास्त ऊर्जेची वीज करणारे सेल झालेत, पण ते नखाएवढे. कोणी टक्के सांगितले तर आधी विचारा, केवढ्या तुकड्यावर आणि किती दिवस? आमचा सेल नायट्रोजनच्या पेटीत छान चालायचा. एप्रिलमध्ये लातूरला खिडकीत उघडा ठेवला, तर आठवड्यात निम्म्यावर आला. मला रडू आलं होतं. ऑक्सिजन, ओल, अतिनील किरणं त्याला खातात. शिवाय तापला की कालवलेले पदार्थ हळूहळू वेगळे होऊ लागतात. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला काय सांगायचा!

शेडनेटची कल्पना मात्र फार चांगली आहे. पॉलिमरची रचना बदलून तो कोणता प्रकाश शोषेल हे ठरवता येतं : डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाची वीज करायची, तांबडा-निळा रोपाला सोडायचा. वजनही पाइपांना झेपेल इतकं कमी. पण सलग फिल्म पसरली तर आत हवा कोंडेल, पट्ट्याच लावाव्या लागतील. तशी पट्टी आपल्या भागात दोन उन्हाळे टिकलेली कोणी दाखवली, तर मिरचीच्या एका ओळीवर लावून बघा. सगळ्या नेटवर नको.