६४-० चं गणित आणि महिला वॉटर पोलोतली खरी दरी

वॉटर पोलो म्हणजे तलावात पोहत, हाताने चेंडू गोलमध्ये मारायचा खेळ. महिलांच्या या खेळाबद्दल एका वाचकाने मला विचारलं, त्या प्रश्नात दोन तक्रारी एकत्र झाल्या आहेत. पहिली, महिला वॉटर पोलोत अमेरिकाच सारखी जिंकते. दुसरी, हंगेरीने कोरियाला ६४-० ने हरवलं, मग अशा संघांना जागतिक स्पर्धेत घेतातच कशाला. पहिली आता जुनी झाली. दुसरी खरी आहे, पण तिचं कारण वरवर वाटतं ते नाही.

पहिलीचं आधी उरकतो. अमेरिकेने २०१२, २०१६ आणि टोकियो अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं घेतली, शिवाय २०१५ ते २०२२ मध्ये चार जागतिक विजेतेपदं ओळीने. रिओच्या अंतिम सामन्यात इटलीला १२-५, टोकियोत स्पेनला १४-५. हे बघून खेळ एकतर्फी वाटणारच. पण नंतर काय झालं बघा. २०२३ ला फुकुओकाच्या जागतिक स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत इटलीकडून ८-७ ने हार. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामना ऑस्ट्रेलियाने पेनल्टी शूटआउटवर काढला, कांस्यपदक नेदरलँड्सने ११-१० ने हिसकावलं आणि सुवर्ण गेलं स्पेनला. २०२५ ला सिंगापूरमध्ये ग्रीस विश्वविजेता, अमेरिका पुन्हा चौथी. आतापर्यंतच्या सात ऑलिंपिकमध्ये महिलांचे पाच वेगवेगळे विजेते झाले आणि ते तीन खंडांतले आहेत. पुरुषांत १९०४ नंतर युरोपाबाहेरच्या कुणालाच सुवर्ण मिळालेलं नाही. वरच्या आठ-नऊ देशांत महिलांचा खेळ पुरुषांपेक्षा जास्त खुला आहे, हे माझं ठाम मत.

अमेरिकेचं वर्चस्व आलं कुठून? १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने विद्यापीठांना मुलींच्या खेळांवरही खर्च करावा लागला आणि २००१ पासून महिला वॉटर पोलोची अधिकृत राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धा सुरू झाली. गंमत म्हणजे २००१ ते २०२५ या काळात ती स्पर्धा फक्त तीन विद्यापीठांनी जिंकली: स्टॅनफर्ड, यूसीएलए आणि सदर्न कॅलिफोर्निया. तिन्ही कॅलिफोर्नियातली. म्हणजे ज्याला आपण अमेरिका म्हणतो, ते मुख्यतः एक राज्य आहे. पण याच विद्यापीठांनी परदेशी मुलींनाही घेतलं. स्पेनची अन्नी एस्पार आणि नेदरलँड्सची मॉड मेगेन्स, दोघी सदर्न कॅलिफोर्नियाकडून खेळल्या. प्रतिस्पर्धी घडवायलाही अमेरिकेचाच हातभार लागला.

आता ६४-०. हा सामना २०१९ च्या ग्वांगजू जागतिक स्पर्धेतला. कोरिया यजमान, म्हणून जागा आपोआप मिळालेली. उत्तर कोरियासोबत संयुक्त संघ उतरवायचा बेत होता, तो बारगळला आणि स्पर्धेच्या काही आठवडे आधी घाईघाईने मुली निवडल्या गेल्या. त्या जलतरणपटू होत्या, काही तर शाळकरी. त्या देशाचा महिलांचा हा पहिलाच अधिकृत संघ.

मी कॉलेजात थोडंफार खेळलो आणि नंतर बरीच वर्षं स्थानिक स्पर्धांत टेबलावर बसून घड्याळ सांभाळलं, त्यामुळे तो निकाल वाचल्यावर माझ्या डोक्यात आधी सेकंद आले. आठ मिनिटांचे चार क्वार्टर, म्हणजे ३२ मिनिटं, १९२० सेकंद. भागिले ६४. दर ३० सेकंदांना एक गोल! आणि त्या वेळी शॉट क्लॉकही, म्हणजे चेंडू मिळाल्यावर गोलवर मारायला किती वेळ उरला ते दाखवणारं घड्याळ, ३० सेकंदांचंच होतं.

इथेच मेख आहे. फुटबॉलमध्ये दुबळा संघ अकराच्या अकरा खेळाडू गोलपुढे उभे करून वेळ काढू शकतो. वॉटर पोलोत चेंडू हातात आला की घड्याळ सुरू. कबड्डीतल्या चढाईसारखंच, ठरलेल्या सेकंदांत काहीतरी करा, नाहीतर पाळी गेली. त्यामुळे दोन्ही संघांना जवळपास सारख्याच संधी मिळतात आणि ताकदीतला फरक प्रत्येक संधीला नव्याने मोजला जातो. त्यात दुबळ्या संघाचा प्रत्येक फसलेला शॉट म्हणजे समोरच्यांचा काउंटर अटॅक, म्हणजे झटपट उलटा हल्ला. फुटबॉलमध्ये जो फरक ८-० वर थांबेल, तोच इथे तीस-चाळीसवर जातो. टोकियोत स्पेनने दक्षिण आफ्रिकेला २९-४ आणि अमेरिकेने जपानला २५-४ हरवलं, ते याच हिशोबाने. फरक मोठा आहेच, पण फलक तो फुगवून दाखवतो.

दुसरी गोष्ट पायांची. कोरियाच्या मुली वेगात पोहू शकत होत्या, पण जलतरणात शरीर आडवं असतं आणि पोलोत उभं. तळाला पाय न टेकवता, दोन्ही पाय आळीपाळीने गोल फिरवत कमरेपर्यंत पाण्याबाहेर यायचं, त्याच वेळी प्रतिस्पर्धी अंगावर रेलतोय, आणि एका हाताने चेंडू झेलायचा. हे काही आठवड्यांत येत नाही. पाय थकले की मुलगी समोरच्या खेळाडूला धरते, धरलं की तेव्हाच्या नियमाने २० सेकंद बाहेर, मग पाच जणींनी सहा जणींना थोपवायचं. आपल्याकडे अनेक पालिकांच्या तलावांचं एक टोक उथळ असतं. तिथे सराव करणाऱ्या मुलींचं अर्धं शिक्षण राहून जातं, मग संघ कितीही जिद्दीचा असो.

तरीही या गोष्टी जमवता येतात, वेळ दिला तर. चीन २००८ चा यजमान होता, पण त्यांनी काही वर्षं आधीपासून संघ बांधला. घरच्या ऑलिंपिकमध्ये पाचवा नंबर, आणि २०११ ला शांघायमध्ये थेट जागतिक अंतिम सामना, तोही ग्रीसकडून केवळ ९-८ ने गेला. जनुकं, उंची वगैरे कारणं सांगणाऱ्यांनी हा निकाल आठवावा.

मग दुबळ्यांना वगळावं का? २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचं उदाहरण घ्या. तेव्हा महिलांना फक्त आठ जागा होत्या. २००८ चं सुवर्ण जिंकलेलं नेदरलँड्स आणि २०११ चा विश्वविजेता ग्रीस, दोघेही पात्र ठरले नाहीत. ब्रिटन यजमान म्हणून खेळलं आणि आठवं आलं. ग्रीक चाहत्यांचा संताप मला समजतो. पण सगळ्या जागा युरोपाला दिल्या, तर बाकीच्या खंडांतली सरकारं खेळावर खर्च करणंच थांबवतील, कारण ऑलिंपिकची आशा असेल तरच तिकडे पैसा हलतो.

माझ्या मते दुखणं मधल्या देशांचं आहे. दहाव्या ते विसाव्या क्रमांकाच्या संघांना वर्षभरात बरोबरीचे सामनेच मिळत नाहीत. स्पेनच्या मुलीला साबादेलसारख्या क्लबमधून दर आठवड्याला कसदार सामना मिळतो. सिंगापूर किंवा दक्षिण आफ्रिकेच्या संघाने मोठ्या स्पर्धेत जाऊन २५ गोल खायचे आणि घरी परतायचं. यातून गोलकीपरला सराव होतो, बाकी कुणाला नाही. २०२३ पासून विश्वचषकात (ही जागतिक स्पर्धेहून वेगळी स्पर्धा) खालच्या संघांसाठी दुसरी श्रेणी सुरू झाली, ते पाऊल म्हणूनच मला जागतिक स्पर्धेतल्या जागांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. तिथे ९-८, ११-१० असे सामने होऊ शकतात, आणि शेवटच्या मिनिटात चेंडू कुणाकडे द्यायचा हे त्यातच शिकता येतं.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांचे संघ दहावरून बारा होणार आहेत, पुरुषांइतकेच. याचं स्वागत. पण यजमानाची आपोआप मिळणारी जागा मी सशर्त करेन: आधीची निदान दोन वर्षं त्या संघाने दुसऱ्या श्रेणीत खेळलेलं हवं. ग्वांगजूत रशियाविरुद्धच्या १-३० च्या पराभवात क्यूंग दा-सुलने कोरियाचा पहिला गोल केला, तेव्हा अख्खा संघ आनंदाने रडला होता. त्या मुलींना दोन वर्षं मिळायला हवी होती, आणि ती देणं त्यांच्या महासंघाच्या हातात होतं.