इतर कुत्र्यांवर धावून जाणाऱ्या कुत्र्याच्या पालकास

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा कुत्रा इतर कुत्र्यांशी कधी खेळू लागेल, असे तू विचारले आहेस. त्याआधी, त्याच्यामुळे दुसऱ्या एकाही कुत्र्याला इजा होणार नाही अशी व्यवस्था कशी करावी, हा प्रश्न सोडवायला हवा. पूर्ण वाढलेल्या पुष्कळ कुत्र्यांना अनोळखी कुत्र्यांची सोबत नकोच असते. घरच्यांचा सहवास आणि वास घेत निवांत चालणे यावर ती सुखाने जगतात. तेव्हा त्याला दोस्त मिळवून देण्याची घाई सोड.

हा स्वभाव अचानक उफाळला असेल, तर आधी पशुवैद्याकडून कान, दात आणि सांधे तपासून घे, कारण दुखणे अंगावर काढणारा कुत्रा दुसऱ्याला जवळ फिरकू देत नाही. नसबंदीबद्दलही त्यांचाच सल्ला घे, मात्र तिने हे वागणे हमखास थांबेल असे धरून चालू नकोस.

पुण्यासारख्या शहरात खरी अडचण रस्त्यावरच्या कुत्र्यांची असते, कारण त्यांना आवरणारा मालक नसतो आणि ज्या गल्लीतून तू जातोस ती त्यांची हद्द असते. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री सामान्यतः जिथून पकडली तिथेच परत सोडली जातात. म्हणून मार्ग तू बदलायचा: त्यांना खाऊ कुठे व केव्हा घातला जातो ते वॉचमनला विचारून ठेव आणि ती वेळ टाळ. भाद्रपदात, मादी माजावर असताना नरांची टोळकी फिरतात, तेव्हा तर फेरी लहान ठेवलेली बरी. लिफ्टचे दार उघडताच समोर कुत्रा येऊ शकतो, त्यामुळे शक्य असेल तर जिना वापर. लांबत जाणारा दोरीचा पट्टा नको. साधारण दोन मीटरचा मजबूत पट्टा आणि नीट बसणारा हार्नेस पुरे.

मुसक्याची लाज वाटू देऊ नकोस. ते जाळीदार, टोपलीच्या आकाराचे असावे, म्हणजे त्याला तोंड उघडून धापा टाकता येतील व पाणीही पिता येईल. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड ठेवतो, म्हणून तोंड आवळणारे कापडी मुसके घालून आपल्याकडच्या उन्हात फिरवणे धोक्याचे आहे. आत दही लावून त्याला स्वतःहून तोंड घालू दे आणि काही आठवड्यांत हळूहळू वेळ वाढव.

शिकवणीचे सूत्र अंतराचे आहे. दुसरा कुत्रा दिसतो, पण तुझा अजून ताठरत नाही, इतक्या लांब उभा राहा. त्याने पाहिले की लगेच उकडलेल्या कोंबडीचा तुकडा दे, आणि कुत्रा दिसेनासा झाला की तुकडे बंद कर. क्रम उलटा झाला, तर खाऊ हीच त्याला धोक्याची सूचना वाटू लागेल. तोंड मिटले, शेपूट वर ताठ झाली, नजर खिळली, की तू फार जवळ गेला आहेस. वळ आणि निघ. झटका देणारा किंवा काटेरी गळपट्टा कोणी सुचवला तर ठाम नकार दे, कारण दुसरा कुत्रा दिसला की मान दुखते, एवढेच तो त्यातून शिकेल.

तरीही झुंज झालीच, तर दोन तोंडांच्या मध्ये हात घालू नकोस. माणसांना अनेक चावे अशा वेळीच बसतात. पाणी ओत, मध्ये फळी किंवा बादली सरकव. दाताची खूण वरून बारीक दिसली तरी आत खोल इजा असू शकते, म्हणून दोन्ही कुत्री डॉक्टरांना दाखव आणि दुसऱ्याचा खर्च न मागता दे. माणसाला चावा बसला असेल, तर जखम पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा. तुझ्या कुत्र्याची वार्षिक लस चुकलेली नसली, तरी त्याला चावा बसल्यास डॉक्टर पुन्हा लस द्यायला सांगतील.

आणि तू गावाला गेलास, तर पट्टा आजोबांच्या किंवा कामवाल्या मावशींच्या हाती देऊ नकोस. त्याला ओळखणारा आणि ताकदीने आवरू शकणारा माणूस आधी तयार करून ठेव.

तुझा शुभचिंतक